मदत हवी आहे: प्रश्नावलीत सगळेच 'पूर्ण सहमत'!

निशिगंधा: किशोरवयीनांच्या लैंगिक आरोग्यावर प्रबंध चालू आहे. दृष्टिकोनाच्या भागात झाडून सगळ्यांनी 'पूर्ण सहमत' केलंय. गाइड म्हणतात, फरकच नाही तर विश्लेषण कशाचं करणार? काय बदलू? प्लीज लवकर सांगा.

आकडेमोड: भरून कोणाकडून घेताय, मुलांकडून? वाक्यं टाका दोन-चार.

निशिगंधा: अहो, डॉक्टर आणि नर्सेस, अजून कोण! 'किशोरवयीनांची गोपनीयता जपली पाहिजे', 'त्यांना गर्भनिरोधनाची माहिती देणं माझं कर्तव्य आहे', अशी.

जुनी_सिस्टर: याला नाही कोण म्हणेल गं? प्रसंग दे. सोळा वर्षांची मुलगी आईला बाहेर बसवून गोळ्यांबद्दल विचारते, तुम्ही आधी काय कराल? गोपनीयतेवर भाषण देणाऱ्या एक बाई भर ओपीडीत, पडदा न ओढता, "लग्न झालंय का?" विचारायच्या. त्यांनीही पूर्ण सहमतच लिहिलं असतं.

आकडेमोड: प्रसंगांना गुण कसे देणार? त्यापेक्षा निम्मी वाक्यं उलट्या अर्थाची करा.

डॉक_खडूस: उलट्या वाक्यांनी घाईत भरणारे फक्त गोंधळतात. दृष्टिकोन सोडा, ज्ञान मोजा. तातडीच्या गर्भनिरोधक गोळीने गर्भपात होतो (ती बीजोत्सर्ग, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडणं, लांबवते हो!), मूल न झालेल्या मुलीला तांबी चालत नाही, असं मानणारे आमच्यातच सापडतात.

जुनी_सिस्टर: डॉक्टर, माहीत असून न सांगणारे त्याहून जास्त. ते ज्ञानाच्या प्रश्नांत कसे सापडणार?

बापमाणूस: मुळात हे घरातच शिकवायला हवं. जाता जाता, मुलगी ११ वर्षांची आहे, एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची) आत्ताच द्यावी का?

डॉक_खडूस: जागतिक आरोग्य संघटना मुलींसाठी ९ ते १४ हेच वय सांगते. बाकी वेगळा धागा काढा.

आकडेमोड: निशिगंधा, फॉर्मवर नाव आहे का? गोळा कोण करतं?

निशिगंधा: नाव नाही. पद, विभाग, अनुभवाची वर्षं. इनचार्ज सिस्टर गोळा करून देतात.

आकडेमोड: मग झालंच की! एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. वरिष्ठांच्या हातात खरं कोण लिहून देईल? विभाग काढा, बंद पेटी ठेवा.

निशिगंधा: हे आधी विचारायचं ना! भरलेले फॉर्म फुकट गेले का? तेवढंच सांगा.

आकडेमोड: गाइड हो म्हणाले तर पूर्वचाचणी म्हणून दाखवा. बदललेली प्रश्नावली मात्र एथिक्स कमिटीकडे पुन्हा न्यावी लागेल.

निशिगंधा: परत कमिटी??

बापमाणूस: मुलग्यांनाही देतात का ही लस?