मैत्रिणी म्हणतात "तुझा काही नेम नाही", मग पुणे सोडायचा विचार त्यांना सांगू कसा?

पडवी:
मी डहाणूकर कॉलनीत वाढले. छोट्या दुकानदारांची जीएसटीची विवरणपत्रं घरून भरते. दापोलीला जाऊन राहायचं मनात पक्कं होत चाललंय. गिम्हवण्यात मामाचं घर आहे, एक खोली आणि पुढची पडवी मिळेल. आईलाही तिथली हवा मानवते.

अडचण मैत्रिणींची आहे. आम्ही चौघी कॉलेजपासूनच्या. सीएचा अभ्यास मध्येच सोडला, साखरपुडा मोडला, बँकेतली नोकरी सोडली, म्हणून "हिचा काही नेम नाही" हा शिक्का बसलाय. साखरपुड्याचंच सांगते. लग्नानंतर मी काम बंद करणार, हे मुलाच्या घरी गृहीतच होतं. मी विषय काढला की त्याची आई "बघू गं नंतर" म्हणत पोह्यांची बशी पुढे करायची. दिवाळीपासून मनात चाललेलं, होळीच्या सुमारास नाही म्हणून कळवलं. मैत्रिणींच्या लेखी मात्र परवा लक्ष्मी रोडला शालू बघितले आणि आज लग्नच नाही!

परवा दापोलीचा नुसता विषय काढला तर एक म्हणाली, "जा, पावसाळा संपायच्या आत परत येशील." सगळ्या हसल्या. मला फार लागलं. या तिघी मला हव्या आहेत. त्यांना ही लहर वाटणार नाही, असं कसं सांगू?

नळस्टॉप:
ताई, दिवाळी ते होळी तुम्ही एकट्याच झुरत होतात, त्यांच्या कानावर नुसता निकाल गेला. माझा धाकटा भाऊ असाच. आम्हाला धक्का बसायचा आणि तो म्हणायचा, "मी तर वर्षभर हाच विचार करतोय." अहो, पण तो आम्हाला दिसणार कसा? चौघी एकत्र असताना सांगू नका, घोळक्यात एकीने टोमणा मारला की बाकीच्या हसतातच. जी जवळची असेल तिला एकटीला गाठा, आणि जे अजून ठरलेलं नाही तेही सांगा.

हर्णै बंदर:
मी पुण्यातून इकडे येऊन स्थिरावलोय. मैत्रिणींचं तुम्ही बघा, पण पावसाळ्याचं बोलणं हसण्यावारी नेऊ नका. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, इथे ३००० च्या वर. झाड पडून तार तुटली की वीज कधीकधी दुसऱ्या दिवशीच येते. दर महिन्याच्या विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-१ भरायची शेवटची तारीख ११, ३बी ची २०. नेमकी तेव्हा लाइट गेली तर उशिराचे दिवसाला ५० रुपये दुकानदाराला बसणार आणि तो तुम्हाला धरणार. इन्व्हर्टर घ्या, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ठेवा. रेल्वेने आलात तर खेडला उतरावं लागतं, तिथून पुढे एसटी. आईच्या औषधपाण्याचं आधी विचारून ठेवा. आणि मे महिन्यात येऊन, आंबे खाऊन ठरवू नका. जुलैत या.

सदाशिवातली काकू:
साखरपुडा मोडलास ते बरंच केलंस गं. जी "परत येशील" म्हणाली, तिला तू परत यायला हवी असशील. आमच्यातली एक बडोद्याला निघाली तेव्हा सगळ्यात टोचून बोलणारी होती, तीच बांधाबांध करायला आधी हजर. शिक्का पुसायच्या नादाला मात्र लागू नकोस. तू तिथे नीट राहिलीस की त्यांचं त्यांना कळेल.

पडवी:
काकू, वाचून रडू आलं. जुलैत आईला घेऊन महिनाभर राहते, दोन्ही तारखांची कामं तिथूनच काढेन. त्याच मैत्रिणीला विचारणार आहे, आठवडाभर सोबत येतेस का म्हणून. हर्णै बंदर, गिम्हवण्याच्या बाजूला रेंज कुठल्या कंपनीची बरी मिळते?