शुक्राणू शून्य आलेत. कुष्ठरोगाच्या एमबी (जास्त जंतू असलेला प्रकार) गोळ्यांमुळे का?

पारवा३४: वय ३४, गडचिरोली जिल्हा. लग्नाला चार वर्षं झाली. वीर्यतपासणी दोनदा केली, दोन्ही वेळा शुक्राणू शून्य, एफएसएच (शुक्राणू बनवायला लावणारं संप्रेरक) वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी गालगुंड झालं होतं का? नाही म्हणालो. खरं सांगायचं ते सांगितलंच नाही, बायको शेजारी बसली होती. २०१४ ला बारा महिने एमबीची पाकिटं घेतलीत. मधेच ताप, अंगभर लाल गाठी आणि अंडकोष इतके सुजले की आठवडाभर धड चालता येईना. आई म्हणते, गोळ्या उष्ण पडल्या.

दणकट: टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घे भावा. माझ्या मित्राला फरक पडला.

निवृत्त_तंत्रज्ञ: ते इंजेक्शन आत्ता मुळीच नको. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की उरलेसुरले शुक्राणू बनणंही थांबतं.

पारवा भाऊ, मी कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो. दोष गोळ्यांचा नाही, जंतूचा. त्याला गारवा लागतो, म्हणून कानाची पाळी, नाक, कोपराजवळची नस. अंडकोषही अंगापेक्षा दोन-तीन अंश थंड, तिथंही तो घर करतो. लाल गाठी आल्या ती रोगाची रिअॅक्शन, गोळ्यांची नव्हे. त्यात आतल्या नळ्या खराब होतात, मग अंडकोष आक्रसतात.

आमच्या फॉर्मवर विकृतीचा दर्जा ०, १, २ लिहायचा, तो डोळे, हात, पाय बघून. तळव्याला बॉलपेन टेकवायचं, "कुठं लागलं, दाखवा." कमरेखालचं कुणी विचारलं नाही, मीही नाही. २००५ च्या अखेरीस देशात दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण राहिले, तेव्हा आम्ही पेढे वाटले. तुमच्यासारख्यांसाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

यूरोलॉजिस्टना सगळं सांगा. अंडकोषातून सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू शोधता येतात. कधी सापडतात, कधी नाही.

पारवा३४: मूल झालं तर त्याला होईल का? आणि बायकोनं याच कारणावरून सोडचिठ्ठी मागितली तर?

निवृत्त_तंत्रज्ञ: आनुवंशिक नाही. कोर्स पुरा केलात, तुमच्यापासून कुणाला धोका नाही.

सुमनताई: कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ ला कायद्यातून काढलंय, भाऊ. पण आधी हे सांगा, मूल होत नाही म्हणून चार वर्षं बोलणी कोण खातंय? तुम्ही की ती?

पारवा३४: ती.

पारवा३४: काल रात्री सांगितलं. म्हणाली, कानाच्या पाळ्या मला लग्नातच दिसल्या होत्या, तुम्ही कधी बोलता याची वाट बघत होते. मग बराच वेळ रडली. आईशी मीच बोलायचं ठरलंय. सोमवारी दोघं नागपूरला जातोय. एक रिकामं पाकीट पेटीत सापडलं, ते नेऊ का?

निवृत्त_तंत्रज्ञ: न्या. उपचाराचं कार्ड असेल तर तेही न्या. नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जुन्या रजिस्टरला नोंद आहे का विचारा, उतारा मागा.