सगळ्या गाड्या विजेवर आल्या, तर ग्रिडला झेपेल का?

सांजदिवा:
"सगळेच विजेवर गेले तर वीज पुरणारच नाही," हे वाक्य हमखास ऐकू येतं. मला ते पटत नाही. साधारण मोटार १०० किलोमीटरला १५ ते २० युनिट खाते. रोजचे ४० किलोमीटर धरले तर ६ ते ८ युनिट. मोठा एसी चार-पाच तास पूर्ण भाराने चालला की तेवढेच जातात. नॉर्वेत २०२४ मध्ये विकलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के निव्वळ विजेवरच्या होत्या. तिथे काही अंधार झाला नाही.

रोहित्र:
नॉर्वेचा दाखला सगळीकडे चालत नाही. तिथली घरं आधीपासून विजेवर उबदार ठेवली जातात, म्हणजे घरापर्यंतचं जाळं मुळातच मोठ्या भारासाठी बांधलेलं. शिवाय जलविद्युत मुबलक.

तुमचा युनिटचा हिशेब बरोबर आहे, पण ग्रिडचा दम युनिटवर नाही, एका वेळी किती वीज ओढली जाते यावर, म्हणजे किलोवॉटवर निघतो. घरचा चार्जर ७.४ किलोवॉटचा. गल्लीतल्या १०० केव्हीएच्या, म्हणजे फार तर १०० किलोवॉट पेलणाऱ्या रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) ४० घरं आहेत असं समजा. त्यातल्या दहा जणांनी संध्याकाळी सातला प्लग लावला की ७४ किलोवॉट नुसत्या गाड्यांचे, आणि तीच वेळ दिवे, पंखे, स्वयंपाकाची. रात्री भार उतरून रोहित्र थंड होतं, हे धरून त्याचं आयुष्य मोजलेलं असतं. ते रात्रभर तापत राहिलं तर आतला इन्सुलेशनचा कागद झपाट्याने जीर्ण होतो. वीजकेंद्र शाबूत राहील, जळेल ते गल्लीतलं रोहित्र.

सांजदिवा:
पण दहाही गाड्या सातलाच का भरायच्या? ७ युनिटांना त्या चार्जरवर तासभर लागतो आणि गाडी रात्रभर उभीच असते. दहा गाड्या एकीमागून एक भरल्या तर रोहित्रावर एका वेळी एकाच चार्जरचा भार. पंख्याला "दोन वाजता फिर" म्हणता येत नाही, गाडीला म्हणता येतं. रात्रीचा दर उतरवा, लोक आपोआप वेळ बदलतील.

रोहित्र:
बदलतील, आणि सगळे एकदमच! दर बाराला उतरला की बाराच्या ठोक्याला सगळे टायमर चालू. आज कुणी सहाला घरी येतो, कुणी नऊला, त्यामुळे भार पसरतो. टायमर तेवढंही ठेवत नाही. म्हणून तर ब्रिटनने ३० जून २०२२ पासून घरच्या नव्या चार्जरना १० मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक, म्हणजे प्रत्येक चार्जरला वेगवेगळा पडणारा विलंब सक्तीचा केला. तुमची ती रांग लावणार कोण, हाच माझा प्रश्न आहे.

रात्रपाळी:
तुम्ही दोघंही गाडी स्वतःच्या दारात उभी राहते असं धरून बोलताय. रस्त्यावर गाडी लावणाऱ्याला रात्रीच्या दराचा काय उपयोग? तो जलद चार्जरवर जाणार, हवा तेव्हा, दीडशे किलोवॉटने. ट्रकच्या डेपोला तर मेगावॉटमध्ये जोडणी लागते. त्यासाठी उपकेंद्र उभारायचं, म्हणजे गाड्या काही महिन्यांत येतात आणि वीज काही वर्षांनी.

आणखी एक. कॅलिफोर्नियात दुपारी सौरवीज इतकी होते की काही वेळा ती बंद ठेवावी लागते, आणि सूर्य मावळताच मागणी उसळते. मग सगळं रात्रीवर का ढकलायचं? चार्जर कामाच्या ठिकाणी लावा.

सांजदिवा:
दुपारचा मुद्दा मान्य, तो माझ्याकडून सुटलाच होता. पण रोहित्र, तुमच्या भीतीतून निघतं ते "गाड्या थांबवा" नव्हे, "चार्जर शहाणे करा" असं.

रोहित्र:
गाड्या थांबवा असं मी म्हटलेलंच नाही. चार्जर बसवण्याआधी वीज कंपनीला कळवणं सक्तीचं करा, एवढीच मागणी आहे. आज साध्या प्लगवर लावलेली गाडी कुठल्याच नोंदीत येत नाही. कुठल्या रोहित्रावर किती गाड्या आहेत हे रोहित्र जळाल्यावर कळणार असेल, तर शहाणा चार्जर तरी कुणाचं ऐकून थांबेल?