पॉडकास्ट सरसकट एमपी३मध्ये बदलून घ्यावेत का?

विरारचा प्रवासी : विरार ते चर्चगेट हा सुमारे साठ किलोमीटरचा प्रवास मी रोज बहुतेक उभ्यानेच करतो. गर्दीत मोबाइल खिशाबाहेर काढण्याचे धाडस होत नसल्यामुळे लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला, बटणांचा एक लहानसा प्लेअर वापरतो. त्याला एमपी३ आणि डब्ल्यूएव्ही या प्रकारच्या ध्वनिफाइलींखेरीज काहीच वाजवता येत नाही. एम४ए किंवा ओपस फाइल आली की तो सरळ पुढच्या फाइलवर जातो. म्हणून दर रविवारी आठवड्याचे सगळे भाग मी एफएफएमपेग हे ध्वनिफाइली बदलण्याचे सॉफ्टवेअर वापरून ६४ केबीपीएसच्या (सेकंदाला ६४ किलोबिट) मोनो, म्हणजे एकाच ध्वनिवाहिनीच्या, एमपी३मध्ये बदलतो. तासाभराचा भाग सुमारे २९ एमबीत मावतो, म्हणजे १२८ केबीपीएसच्या निम्म्या जागेत. एकट्या माणसाच्या बोलण्याला स्टिरिओ हवाच कशाला? सर्वांनी सरसकट हेच करावे, असे माझे मत आहे.

दादरचा श्रोता : ‘सरसकट’ या शब्दालाच माझा विरोध आहे. बहुतेक पॉडकास्ट मुळातच एमपी३मध्ये असतात. एमपी३ तयार होताना आवाजाचा काही भाग कायमचा गाळला जातो. त्याच फाइलचा पुन्हा एमपी३ केला की उरलेल्यातून आणखी गाळला जातो आणि ‘स’, ‘श’ हे उच्चार पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येतात. जी फाइल वाजते तिला हात लावू नये, जी वाजत नाही तेवढीच बदलावी. (फाइलच्या नावाचा शेवट बदलून एम४एचा एमपी३ होतो, असे मानणारेही मला भेटले आहेत, तसे होत नाही.)

विरारचा प्रवासी : मिठी नदीच्या पुलावरून गाडी धडधडत जाताना ‘स’ पाण्याखालचा की पाण्यावरचा, हे कोणाला कळते? जागेची बचत मात्र रोज कळते.

ठाण्याची वाचक : आपण दोघेही आवाजावर भांडत आहात, माझी अडचण निराळी आहे. काही एमपी३ फाइलींचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला वापरलेल्या माहितीचे प्रमाण, बदलता असतो. स्वस्त प्लेअर सुरुवातीचा बिटरेटच शेवटपर्यंत धरून फाइलची लांबी मोजतो, त्यामुळे चाळीस मिनिटांचा भाग त्याला सत्तर मिनिटांचा वाटतो आणि पुढे सरकवताना भलत्याच ठिकाणी उडी पडते. अशी फाइल एमपी३ असली तरी स्थिर बिटरेटमध्ये बदलण्यावाचून माझ्यापुढे मार्ग उरला नाही. शिवाय माझा प्लेअर भाग नावांच्या क्रमाने न लावता मेमरी कार्डावर ज्या क्रमाने उतरवले त्याच क्रमाने वाजवतो, आणि देवनागरी नावांच्या जागी चौकटी दाखवतो.

दादरचा श्रोता : बदलत्या बिटरेटचा मुद्दा मान्य. नावे आणि क्रम यांसाठी मात्र आवाजाला धक्का लावण्याची गरज नाही. शीर्षकाची माहिती तेवढी बदलून मूळ आवाज जसाच्या तसा ठेवण्याची सोय एफएफएमपेगमध्येच आहे, आणि क्रमासाठी फाइली एकेक करून कार्डावर टाकल्या तरी पुरते.

विरारचा प्रवासी : एकेक करून? माझ्याकडे आठवड्याला तीसेक भाग असतात. संगीतावरच्या गप्पांचे भाग यापुढे १२८ स्टिरिओमध्ये ठेवीन, एवढी सवलत देतो. बाकीच्यांसाठी ६४ मोनोच.