लिबरल आर्ट्स कॉलेजात इकॉनॉमिक्स, म्हणजे शेवटी आर्ट्सच ना?

नाशिकचा_बाबा:
मुलगी यंदा बारावी सायन्स. अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजचा ॲडमिट आलाय, इकॉनॉमिक्स मेजर (मुख्य विषय) करायचं म्हणतेय. कॉलेजची आर्थिक मदत धरूनही वर्षाला घरचे २४ लाख जातील असं दिसतंय आणि १ मेच्या आत डिपॉझिट भरायचंय. घरात सगळ्यांचा एकच प्रश्न, सायन्स घेऊन आर्ट्स करायला अमेरिकेत कशाला? थोरले बंधू तर म्हणाले, द्राक्षबाग विकून पोरीला बी.ए. करणार का. मी स्वतः बी.कॉम., इकॉनॉमिक्स म्हणजे मागणीचा नियम आणि परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड, एवढीच ओळख. तिथे नक्की शिकवतात काय आणि पुढे काही होतं का, कोणी केलं असेल तर सांगा प्लीज.

आयोवात_चार_हिवाळे:
काका, मी असंच एक कॉलेज केलंय. सगळा घोळ "आर्ट्स" या शब्दाचा आहे, आपल्याकडची सायन्स-कॉमर्स-आर्ट्सवाली आर्ट्स नाही ही. गणित, फिजिक्स, इकॉनॉमिक्स सगळं त्यातच येतं आणि मेजर बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षी ठरवायचं असतं. बंधूंना सांगा, इकॉनॉमिक्सचं नोबेल मिळालेले एडवर्ड प्रेस्कॉट स्वार्थमोर कॉलेजात गणित शिकले आणि रॉबर्ट एंगल विल्यम्स कॉलेजात फिजिक्स. दोन्ही लिबरल आर्ट्सच.

शिकवतात काय, तर आधी बेसिक मायक्रो-मॅक्रो (एकेका बाजाराचं आणि अख्ख्या देशाचं अर्थशास्त्र), मग तेच परत कॅल्क्युलस लावून, मग इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे खऱ्या आकड्यांवरून कशामुळे काय होतं ते शोधणं. माझी खरी वाट लागली ती तिथे. वर्गात आम्ही १४ जण. पेपरसाठी मी सोलापूरच्या ज्वारीचे भाव आणि बाजारातली आवक असे आकडे जमवले, सॉफ्टवेअरमध्ये टाकले, रेषा काढली आणि खुशीत घेऊन गेले प्रोफेसरांकडे. (त्यांना नावाने हाक मारायची असते, चार वर्षांत जमलं नाही मला.) त्यांनी कागदावर मागणीची एक रेघ मारली, पुरवठ्याची एक, आणि विचारलं की तुझा प्रत्येक ठिपका म्हणजे या दोघींची भेट झालेली जागा, मग दोन ठिपक्यांच्या मध्ये कोण हललं, मागणी की पुरवठा? मला सांगता येईना. म्हणाले, पुरवठ्याला हलवेल पण मागणीला हात लावणार नाही अशी गोष्ट शोध, पाऊस घे. मी पाऊस घेतला, दोन आठवडे आकडे चिवडले आणि मग आजीचं बोलणं आठवलं. परत गेले, म्हटलं आमच्याकडे पाऊस गेला की पिकवणाऱ्याच्या खिशातलंही जातं आणि ज्वारी खाणारा तोच असतो, मग मागणीही हललीच की. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, आता हाच तुझा पेपर.

२०० जणांच्या लेक्चर हॉलमध्ये हे झालं नसतं. छोट्या कॉलेजात पीएचडीची पोरं नसतात, त्यामुळे शिकवायला प्रोफेसरच आणि त्यांच्या रिसर्चमधलं हमालकामही आपल्याच वाट्याला येतं, पण पुढे शिफारसपत्र लिहिताना त्यांना आपण माहिती असतो.

डेटा_आणि_डबा:
वरचं सगळं पटलं पण बाबा, दोन गोष्टी आत्ताच बघा, नंतर डोक्याला हात लावून बसायची वेळ येते. पहिली, कॉलेजच्या इकॉनॉमिक्स मेजरचा सीआयपी कोड, म्हणजे अमेरिकेत प्रत्येक अभ्यासक्रमाला असलेला सरकारी नंबर. ४५.०६०३ असेल तर तो क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स म्हणून स्टेममध्ये (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, गणित) मोडतो, म्हणजे डिग्रीनंतर ओपीटीवर (स्टुडंट व्हिसावरच काम करायची परवानगी) १२ महिने काम करता येतं आणि वर २४ महिने वाढवून मिळू शकतात. ४५.०६०१ असेल तर ते १२ महिन्यांवरच थांबतं. सिलॅबस जवळपास तोच असला तरी! पुढे आय-ट्वेंटीवरही (व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) हाच कोड येतो.

दुसरी, गणित. नुसत्या मेजरपुरतं गणित केलं तर पीएचडीच्या वाटेत ते पुरत नाही, लिनिअर अल्जिब्रा आणि रिअल ॲनालिसिस हे गणिताचे वरचे कोर्स हवेच. आणि छोट्या कॉलेजात वरचे कोर्स वर्षाआड लागतात, माझा एक असाच हुकला, कारण मी नेमकी त्या सेमिस्टरला परदेशात गेले होते. त्यामुळे पहिल्या वर्षीच कागदावर आखणी करून ठेवायला सांगा तिला.

पेठेतला_खडूस:
मी जरा थंड पाणी ओततो. नातेवाइकांना कॉलेजचं नाव माहीत नसेल हे सोडा, इथल्या एचआरवाल्यांनाही नसतं. आणि परत यायचंच असेल तर पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट आहे, १९३० पासूनची, धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक. तिथे बी.एस्सी. इकॉनॉमिक्स आहे, प्रवेश परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेतल्या एका वर्षाच्या पैशात इथली अख्खी डिग्री होऊन वर बरेच उरतील. मदत भरपूर मिळत असेल तर जरूर पाठवा. बाग विकून नको. शिवाय ती मदत चारही वर्षं तेवढीच राहणार की फी वाढली की वरचा बोजा तुमच्यावर, हे लेखी घ्या, फोनवरच्या गोड बोलण्यावर जाऊ नका.

नाशिकचा_बाबा:
सगळ्यांचे आभार. बाग विकणार नाही, ते घरात ठरलं. कोड शोधला, ४५.०६०१ निघाला, मुलीने बदलणार आहेत का म्हणून मेल टाकलाय, मदतीचंही त्यातच विचारलंय. गोखलेची माहिती काढली आणि तो फॉर्मही भरायला लावतोय, त्यावर सध्या अबोला आहे. पण ज्वारीचं वाचून काल रात्री ती विचारत होती की मी कांदा घेतला तर? पावसाऐवजी २०२३ च्या डिसेंबरातली निर्यातबंदी धरायची, ती तर सरकारने बाहेरूनच लादलेली ना?

आयोवात_चार_हिवाळे:
कांदा मस्त! पण तिला विचारा, सरकार बंदी कधी घालतं? भाव वाढल्यावरच ना? मग ती बाहेरून आलेली कशी?