फ्रेंच प्रेस: गाळ आणि कडवटपणा
फ्रेंच प्रेस म्हणजे जाळीचा दट्ट्या असलेलं कॉफीचं भांडं. त्यात केलेली कॉफी कडू होते आणि कपात गाळ उतरतो, अशी एक तक्रार वाचली. दोन्हीचं मूळ बहुतेक वेळा दळण्यात असतं. साउथ इंडियन फिल्टरची बारीक पूड इथे चालत नाही, जाळीतून निसटते. दुकानात जाड्या रव्यासारखी दळून मागा, आणि चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) अजिबात नको.

मी ३० ग्रॅम पुडीला ४५० मिली पाणी घेते. उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबायचं, मग ओतायचं. ४ मिनिटांनी वर फुगलेला तपकिरी थर चमच्याने हलकेच मोडला की पूड खाली बसते. (तेव्हाचा वास घ्यायला मी मुद्दाम वाकते!) दट्ट्या सावकाश दाबा. जोर लागत असेल तर पूड बारीकच आहे. आणि कॉफी लगेच सगळी ओतून घ्या. प्रेसमध्ये राहिली तर मुरत राहते, दुसरा कप हमखास कडू लागतो.