गावातली जुनी वस्तू संग्रहालयात पाहताना : आपले अनुभव

सासष्टीतील बाणावली येथे व्हिक्टर ह्युगो गोम्स यांनी उभारलेले ‘गोवा चित्र’ हे संग्रहालय २००९ साली सुरू झाले. गोव्याच्या शेतीतील, स्वयंपाकघरातील आणि कारागिरीतील ४,००० हून अधिक वस्तू तेथे आहेत. आईला घेऊन मी गेले, तेव्हा बहुतेक लोक ऊस पिळण्याच्या प्रचंड घाण्यापुढे थांबत होते. आई मात्र धान्याच्या मापांपुढे थांबली. वीस कुडवांची एक खंडी हा हिशेब तिने न अडखळता सांगितला. मग तिने सांगितले की, त्यांच्या वाड्यावर भाटकाराचा (जमीनमालकाचा) वाटा मोजताना माप शिगोशीग भरावे लागे, आणि कापणीची मजुरी मिळताना तेच माप वरून हात फिरवून सपाट केलेले असे. आजीने तशी सपाट पायली कितीतरी वर्षे घरी आणली. ही गोष्ट त्या मापाबरोबर नोंदली गेली नाही, तर उरेल ते नुसते भांडे. आपल्याही घरातील किंवा गावातील अशा वस्तूंविषयी कृपया सविस्तर लिहावे.

आगरवाडा, पेडणे

आमचे आजोबा मिठागरात काम करीत. भरतीचे पाणी मानशीतून (बांधातील झडपेच्या दारातून) आत घ्यायचे, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत सोडत उन्हात आटवायचे आणि तळाशी मीठ धरले की लांब दांड्याच्या लाकडी फळ्याने ते अलगद बांधाकडे ओढायचे, हे काम पाऊस येईपर्यंत चाले. फळे जरा खोल गेले की चिखल वर येतो आणि मीठ काळवंडते. म्हणून आजोबा आपले फळे कोणाच्याही हाती देत नसत. त्यांच्या पश्चात आम्ही ते एका लहानशा प्रदर्शनाला दिले. पुढे पाहायला गेलो, तर नांगर आणि कोयत्यांच्या रांगेत ते ठेवलेले होते आणि खाली ‘शेतीचे अवजार’ एवढेच लिहिले होते. मला फार वाईट वाटले. चूक आमचीही होती, कारण देताना आम्ही एक ओळसुद्धा लिहून दिली नव्हती. नंतर वडिलांनी दोन पाने लिहून दिली, तेव्हा पाटी बदलली गेली.

फोंडा

आमच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) पोफळीवर चढताना पायांत अडकवायची दोरीची कडी वडील अजून वापरतात. संग्रहालयासाठी मागणी आली, तेव्हा त्यांनी नवी कडी वळून दिली आणि ती कशी वळतात, हे चित्रित करू दिले.

वाडे, सांगे

आमचे मूळ गाव कुर्डी. साळावली धरणाच्या पाण्याखाली ते गेले, तेव्हा मी लहान होतो. गावाचे महादेवाचे देऊळ दगड-दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभारण्यात आले. घरांचे तसे झाले नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरते आणि मे महिन्यात सोमेश्वराच्या उत्सवासाठी आम्ही सारे तेथे जमतो. गायिका मोगूबाई कुर्डीकरांच्या घराचे अवशेष पाहायला बाहेरचे लोकही येतात. आमची आई मात्र थेट आमच्या जोत्यावर जाते. आमचा रगडा (वाटण्याचा मोठा दगड) इतका जड होता की निघताना तो हलवता आला नाही, म्हणून अजूनही तो गाळात अर्धा रुतलेला आहे. तो काढून संग्रहालयात ठेवावा, असे मी दोन वर्षांपूर्वी सुचवले होते. आईने नकार दिला. रगड्याच्या उजवीकडे चूल, मागे न्हाणीचे भाण (पाणी तापवायचे मोठे भांडे), पलीकडे गोठ्याचे दार, अशी सगळी जागा ती त्या एका दगडावरून मोजते. तो उचलला, तर आपल्याला घर सापडणार नाही, असे ती म्हणाली. आपल्या मापांविषयीचे वाचल्यावर मी ठरवले आहे की, या मे महिन्यात रगडा तेथेच राहू द्यायचा आणि आई पावले टाकत खोल्या दाखवील, तसा घराचा नकाशा कागदावर काढून घ्यायचा.